आवडीचा नेम

८ फेब्रुवारी १९५९, रविवार

सगळं बदललं ते पोलादपूरच्या मोटारथांब्यावर. कॉलेज सोडलं तेव्हा नाही. वर्गाचं दार सरांच्या तोंडावर आपटून बाहेर पडलो तेव्हाही नाही, तेव्हा नुसता राग होता. बदललं ते थांब्यावरच्या आंब्याखाली. आवडीनं रॉकेलची बाटली या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, "नापास झालास का पळून आलास?"

तोवर कंडक्टरनं विचारलं होतं, सुट्टी पडली वाटतं? हॉटेलवाल्यानं विचारलं होतं, सुट्टी का? मी दोघांनाही 'हो' म्हणून मोकळा झालो होतो. हिला मात्र तोंडातून खरंच बाहेर पडलं.

"पळून आलो."

"का रे?"

"सर म्हणाले, निबंध चोरलेला आहे. मी म्हटलं, माझा आहे."

"व्हता का तुझा?"

"अर्धा होता."

"मग अर्धं तर सर खरंच बोलले," ती म्हणाली आणि चालू लागली.

आवडी म्हणजे कोंडाजीची मुलगी. आमच्या वाडीच्या नि त्यांच्या वाडीच्या मधे फक्त पऱ्या आहे, उन्हाळ्यात उडी मारून ओलांडता येईल एवढा ओढा. चौथीपर्यंत एका शाळेत होतो. इतकी वर्षं ही मला कधी दिसलीच नव्हती की काय? पोलादपूरपासून वाडीपर्यंत मी ट्रंक खांद्यावर घेऊन तिच्या मागून चाललो. रस्त्याकडेच्या सावरींना लाल फुलं लागली होती आणि एकाही झाडाला पान नव्हतं. ती एकदाही मागे वळली नाही. मला ते फार आवडलं.

मुंबईला होस्टेलवर माझा पारशी पार्टनर आमच्या मेसच्या म्हाताऱ्या आचाऱ्याबद्दल म्हणायचा, हा स्ट्रेट शूटर आहे. म्हणजे आडून मारत नाही, मनात असेल ते समोर ठेवतो. तेव्हा मला वाटायचं, काऊबॉयच्या पिक्चरमधला शब्द, आचाऱ्याला कशाला? आज कळलं, असे शब्द आधी येऊन बसतात आणि त्यांचं माणूस मागाहून येतं.

११ फेब्रुवारी

आबांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "साहेब आले. बरं झालं, कवळं तोडायला माणूस कमी होता." कवळं म्हणजे राबात, भाताच्या रोपांसाठी भाजायच्या जमिनीत, जाळायच्या डहाळ्या. दिवसभर झाडावर चढून कोयत्यानं डहाळ्या तोडल्या. हाताला फोड आले. आत्यानं हळद लावली. आई गेल्यापासून घर ठकूआत्याच्याच हातात आहे. तिचा अर्धा दिवस उपासात जातो आणि अर्धा दुसऱ्यांच्या उपासांची चौकशी करण्यात.

संध्याकाळी पऱ्यावर आवडी म्हशीला पाणी पाजत होती. माझा हात बघून म्हणाली, "कोयता पेनासारखा धरतोस व्हय?" रात्रभर हात ठणकला. ठणक गोड होती.

१९ फेब्रुवारी

आज ती आपणहून बोलली. म्हैस पाण्यात बसली होती, तिच्या पाठीवर बगळा. आवडीनं विचारलं, "दत्ता, मुंबैहून जम्मू किती लांब रे?"

मी भूगोलाचं सगळं ज्ञान पऱ्याच्या काठावर ओतलं. दिल्ली, पठाणकोट, तिथं रेल्वे संपते, पुढे मोटार. ती तोंडानं शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, पठाणकोट, पठाणकोट. जणू गोड फळाची बी चघळतेय.

"आणि बर्फ हाताला कसा लागतो?"

"कापसासारखा."

"तू बघितलास?"

"नाही."

"मग तसं म्हण की."

मी कधी कुणाशी इतकं खरं बोललो नव्हतो. घरी येताना अंगणातला धूर, प्रतापगडाच्या बाजूचं निळं, गोठ्यातली घंटा, सगळं एकमेकांत मिसळल्यासारखं वाटत होतं. तिला लांब जायचंय. माझ्यासारख्याच्या संगतीनंच माणूस लांब जाईल ना! डोळे मिटले की तळ्यातली लाकडी होडी दिसते, तिच्यात आम्ही दोघं, आणि वरून कापूस पडतोय. नाही, बर्फ. तो बघितलेला नाही.

२७ फेब्रुवारी

आज सांगून टाकलं. "आवडी, तू स्ट्रेट शूटर आहेस."

"शिवी हाय का?"

"नाही गं! म्हणजे मनातलं सरळ तोंडावर बोलणारी."

"मग तसं म्हण की. बंदूक कशाला मधी?"

मला हसू आलं नि धीरही आला. म्हटलं, "मग सरळ सांग, मी तुला कसा वाटतो?"

तिनं खरोखर विचार केला. कपाळाला आठी घालून, भाव करताना आबा घालतात तशी. "बरा वाटतोस. भावासारखा. रागीट भावासारखा."

पायाखालचा दगड हलला. पण मग लक्षात आलं. खालच्या अंगाला ठकूआत्या लुगडं आपटत होती आणि तिचे कान पऱ्याच्या दोन्ही काठांना पुरतात. आवडीनं दुसरं काय म्हणायचं होतं? बोलायची वेळ नि जागा माझी चुकली. बिचारी.

८ मार्च

काय करून बसलो!

दुपारी गोमाजी आला. बिरवाडीकडचा आहे, बारमाही छत्री नि तोंडात पान, निम्म्या तालुक्याची लग्नं त्यानंच जुळवलेली. आमच्याकडची रीतच अशी की मुलीची चौकशी मुलीच्या दारात करायची नाही, पऱ्याच्या पलीकडे करायची. म्हणून तो आबांकडे आला. त्याचा पुतण्या हैबती पलटणीत आहे, तिकडे वर काश्मीरकडे कुठंतरी. शिमग्याला रजेवर येतोय. त्याच्यासाठी कोंडाजीची आवडी.

मी पडवीत कोयत्याला मूठ बसवत होतो. कोयता हातातून पडला.

"पोरगी कशी हाय, कुशाबा?"

"कामाला वाघीण," आबा म्हणाले.

"आनि तोंडानं?"

आबा हसले नि माझ्याकडे बघितलं. "ह्याला इचारा. शाळंत एका बाकावर व्हती."

एका वाक्याचं काम होतं. म्हणायचं, फटकळ आहे, सासूला एका दिवसात गप्प करील. गोमाजीनं छत्री उचलली असती. वाक्य जिभेवर आलंही. पण तिच्याबद्दल वाईट बोलायचं माझ्यानं होईना. उलट छाती भरून आली आणि मी म्हणालो, "ती स्ट्रेट शूटर आहे."

"काय हाय?"

"शूटर. म्हणजे..." माझं मराठी कुठं गेलं कोण जाणे. "म्हणजे तिचा नेम सरळ असतो. कधी चुकत नाही."

आत सुपाचा आवाज थांबला. आत्या कोंड्यानं भरलेले हात तसेच घेऊन बाहेर आली. "नेम? आवडीनं नेम धरलाय? अगो बाय माझे! कधीपासनं?"

"आत्या, तो नेम नव्हे..."

"सोमवारचा असंल," गोमाजीनं छत्री मांडीवर ठेवून हात जोडले. "आनि चुकत नाय म्हनतो! बघा कुशाबा. आजकालच्या पोरी येक एकादशी धड पाळत नायत."

"अहो, नेम म्हणजे बंदुकीचा!"

"बंदूक आमचा हैबती चालवतो!" गोमाजी पान सांभाळत खदखदा हसला. "तिनं नेम धरायचा नि ह्यानं नेम मारायचा. जोडा जमला म्हना की!"

आबासुद्धा हसले. मी खोलीत जाऊन दार असं आपटलं की वरच्या भिंतीची माती अंगावर आली. बाहेरून आबांचा आवाज आला, "दाराचा काय गुन्हा रे?"

मोडायला निघालो आणि माझ्याच तोंडानं जमवून दिलं. एका शब्दाला दोन अर्थ ठेवणाऱ्या भाषेचं काय करावं?

१५ मार्च

आवडी पऱ्यावर माझी वाटच बघत होती. एरवी या वाक्यानं मी आठवडाभर जगलो असतो. पण तिच्या हातात म्हशीला हाकायची काठी होती.

"चांगूच्या घरी बारसं व्हतं. पंगतीला सुकटीचं कालवण. सगळ्यांना वाढलं आनि माझ्या म्होरं काय ठेवलं? रताळं! उकडलेलं रताळं! म्हने, तुझा नेम हाय ना गो. नि काल ती रखमा आली, म्हने माझी म्हस आटली, जरा हात फिरव, नेमाचा हात हाय. काय सांगितलंस तू?"

मी सगळं सांगितलं. ती आधी काठी उगारून उभी होती. 'शूटर'पाशी आल्यावर तिचा ओठ थरथरला आणि मग ती काठी टेकून हसत सुटली. इतकी हसली की म्हशीनं मान वर केली. "बंदूक कशाला मधी म्हटलं व्हतं का नाय तुला?"

तिच्या हसण्याचा आवाज पाण्यावरून पलीकडच्या कातळापर्यंत गेला नि परत आला. मी तो दोनदा ऐकला.

मग ती गंभीर झाली. "मी सगळ्यांना सांगते, मी कसला नेम धरला नाय, मी सोमवारी पन सुकट खाते. कोन ऐकत नाय. म्हनतात, खरा नेमवाला नेम लपवतोच. जितकं नाय म्हनते तितकं त्यांना हाय वाटतं. तू सांग, दत्ता. तुझ्या तोंडनं सुरू झालं, तुझ्याच तोंडनं थांबंल."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगेन. आत्याची सकाळची पूजा होऊ दे.

२० मार्च

अजून सांगितलं नाही. त्याचं कारण आज घडलं.

आत्यानं मला जेवताना न मागता तूप वाढलं. मग हळूच, "दत्ता, नेम जी करते तिलाच ठाऊक असतो, नायतर ज्याच्यासाठी करते त्याला. मग तुला रे कसा ठाऊक?"

मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. आत्यानं आणखी तूप वाढलं.

संध्याकाळी वाडीतल्या बायका मला बघून पदराआड हसल्या. पलीकडच्याही हसल्या म्हणे. दोन्ही वाड्यांना वाटतंय की आवडीनं माझ्यासाठी नेम धरलाय. मी कुणालाही तसं म्हणालो नाही. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. आणि एवढ्या माणसांना जे वाटतंय त्यात काहीतरी असेलच ना? मला तिच्या मनाचं जे दिसत होतं ते आता सगळ्यांना दिसू लागलं, एवढंच.

पाण्याखालून चालल्यासारखा चालतो हल्ली. माणसांची बोलणी लांबून येतात. झाडावर चढून डहाळी तोडायचीच विसरतो, बसून राहतो. खालून आबा ओरडतात, "साहेब, झोप लागली का?"

२५ मार्च, शिमगा

देवीची पालखी नाचली. आमची नि पलीकडची दोन्ही वाड्यांची माणसं सहाणेवर, पालखी ठेवायच्या चौथऱ्यापाशी, जमली होती. ढोलाचा आवाज पोटात शिरतो नि तिथंच राहतो.

हैबती आलाय. बारीक कापलेले केस, काळवंडलेला, माणसांच्या गर्दीतही जरा अंतर ठेवून उभा राहणारा. छातीवर काही बिल्ला नाही, बढाई नाही. गोमाजीच त्याच्या वतीनं बढाई मारत होता, की पलटणीत नेमबाजीत ह्याचा हात कुणी धरत नाही.

पालखी खांद्यावरून खाली आली तेव्हा आवडीनं मान वर करून बघितलं. सरळ माझ्याकडे. मुलगी असं गर्दीत बघत नाही, हिनं बघितलं. तिचा चेहरा असा उजळला की मला ढोल ऐकू यायचा थांबला. हैबती माझ्या मागेच उभा होता. बिचाऱ्याला वाटलं असेल, आपल्याकडेच बघते.

२ एप्रिल

राब भाजायला सुरुवात झाली. सगळ्या डोंगरउतारांवर धूर आहे, सूर्य सकाळपासून तांब्याचा दिसतो. आवडी आपल्या राबाच्या कडेला हिरवी डहाळी घेऊन उभी होती, आग बांधापलीकडे जाऊ नये म्हणून.

"सांगितलंस?"

"सांगतो गं."

"कदी? गोमाजी बापाला इचारून गेला. म्हनला, पोरीचा नेम दुसऱ्या कुनासाठी तर नाय ना? बाप माझ्याशी बोलत नाय." ती थांबली. "दत्ता, नीट ऐक. मला हैबतीशी लगीन करायचं हाय."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गालावरच्या राखेत दोन रेघा उमटल्या.

बापानं काय धाक घातला असेल, कोण जाणे. तिच्यासारख्या सरळ माणसालाही लादलेलं वाक्य बोलताना रडू येतं. मी म्हटलं, "मी आहे ना." तिनं डहाळी इतक्या जोरात आगीवर मारली की ठिणग्या माझ्या धोतरावर आल्या.

घरी येईपर्यंत माझ्याही डोळ्यांना धुरानं धारा लागल्या होत्या.

६ एप्रिल

हैबती आला होता. घरी नाही. मी पऱ्यावरच्या कातळावर पडलो होतो, तिथं. त्यानं चपला काढून पाण्यात पाय सोडले. मला त्याचा राग येईल असं वाटत होतं, तो येईना.

"मला फिरवून बोलता येत नाय," तो म्हणाला. "म्हनून सरळच इचारतो. तुझं नि तिचं काय हाय?"

वर सावरीची बोंडं उकलली आहेत. कापूस हवेत होता, पाण्यावर उतरत होता, वाहत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"ती म्हनते काय नाय. पन सगळे म्हनतात, नेमवाली पोर तसंच म्हनायची. म्हनून तुला इचारतो. नेम तुझ्यासाठी असंल तर मी मधी येनार नाय. कुनाचा नेम मोडून आनलेली बायको मला नको."

आता बोलायचं होतं. दोन शब्दांचं काम. 'नेम नाही.' मी कापसाकडे बघत राहिलो.

त्यानं मान हलवली. "बरं," म्हणाला. चपला हातात घेतल्या. मग जाता जाता, जणू स्वतःशीच, "मागच्या शिमग्याला तिनं मला इचारलं व्हतं, बर्फ हाताला कसा लागतो. मी सांगितलं, पयल्यांदा भाजल्यावानी लागतो. तिला खरं वाटलं नाय. म्हनली, दुसऱ्या कुनाला तरी इचारीन."

तो गेला. मी कातळावरून उठलो नाही. ऊन उतरलं तरी उठलो नाही. बर्फाचं तिनं त्यालाही विचारलं होतं. विचारलं असेल. कुतूहल असतं एखाद्याला.

९ एप्रिल, पाडवा

गोमाजीनं निरोप पाठवला. सोयरीक नाही. हैबतीनंच नको म्हटलं.

आबांनी गुढी उभारली आणि मला पाटावर बसवून म्हणाले, "पाडवा हाय. खरं सांग. कोंडाजीकडं शब्द टाकू का?" आत्या आत कडुलिंबाची चटणी वाटता वाटता कान देऊन होती. मी मान हलवली. हो म्हणून का नाही म्हणून, मलाही नीट सांगता यायचं नाही. आबांनी हो धरलं.

मग मी एकटाच रानात गेलो. सगळ्या वाटेवर सावरीचा कापूस. खाली पानापाचोळ्यावर पांढरा थर, हवेत पांढरे तुकडे, कुठंच न पडणारे. मी हात पुढे केला. एक पुंजका तळव्यावर उतरला. काहीच लागत नाही हाताला. ऊन नाही, गार नाही. मी तसाच उभा राहिलो, कधीपर्यंत ते आठवत नाही. सुख असंच असेल. लागत नाही.

१२ एप्रिल

आवडी आमच्या घरी आली. भर सकाळी, एकटी, पऱ्या ओलांडून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आमच्या वाडीत अशी कुणी मुलगी येत नाही. आबा ओटीवर होते, आत्या दारात. आवडी अंगणात तुळशीपाशी उभी राहिली. पदर खोचलेला होता, पाय ओले होते.

"कुशाबाकाका, तुम्ही माझ्या बापाकडं शब्द टाकनार म्हनं. टाकू नका. मला दत्ताशी लगीन करायचं नाय."

आत्यानं तोंडाला पदर लावला. आबांनी चिलीम खाली ठेवली.

"अगं पण आवडी," मी पुढे झालो, "घाबरू नकोस. कुणी धाक..."

"गप रे! मला कुनी धाक घातला नाय. मी तुला भावासारखा म्हटलं. मी तुला म्हटलं, मला हैबतीशी लगीन करायचं हाय. धूर डोळ्यात जात व्हता तरी तोंड पुसत तुला सांगितलं. तू सगळ्यांना सांगतोस मी सरळ बोलते. शूटर हाय म्हनतोस. मग माझं सरळ ऐकत का नायस?"

मला संताप आला. खरोखर आला. कानशिलं तापली, मी इंग्रजीत काहीतरी ओरडलो, काय ते आता आठवतही नाही. अंगणात ते शब्द असे पडले की त्यांना कुणी उचललंच नाही. कोंबडी तेवढी बाजूला झाली.

मग आबा शांतपणे म्हणाले, "दत्ता. पोरीनं नेम धरलाय का नाय?"

"नाही."

"ठावं व्हतं तुला?"

मी गप्प. आबांनी वाट बघितली. ते पाऊसपाण्याचीही अशीच बघतात. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ पहिल्यांदाच कुणीतरी बरोबर लावला.

आत्या पुटपुटली, "आनि मी तिच्या नावानं गुरुवारी नारळ पन फोडला..."

"खाल्लंस ना खोबरं?" आबा म्हणाले. "मग फुकट नाय गेला."

आवडी हसली नाही. कुंपणाच्या वईपाशी जाऊन थांबली, वळली. त्या दिवशी थांब्यापासून वाडीपर्यंत एकदाही न वळलेली मुलगी. "हैबती परवाच्या मोटारीनं जातोय," म्हणाली. "माझं त्याला खरं वाटत नाय. बापाचं पन नाय. तुझंच वाटंल." आवाज तिच्या एरवीच्या आवाजासारखाच होता, नुसता शेवटचा शब्द जरा तुटला. धूर नव्हता आज.

मग मला दिसलं. एकदम नाही. पाणी निवळतं तसं, आधी वरचं, मग तळ. जम्मू. पठाणकोट. शिमग्याला माझ्या खांद्यावरून मागे गेलेली तिची नजर. ती सगळं सरळच ठेवत होती माझ्यापुढे, आणि मी प्रत्येक वेळी ते उचलून त्याखाली दुसरं काही आहे का बघत होतो.

१३ एप्रिल

सकाळपासून वाक्य शोधतोय. कसं सांगायचं हैबतीला? आधी एक लांबलचक तयार केलं, त्यात गैरसमज होता, शब्दांचा खेळ होता, माझी प्रामाणिक भावनाही होती. ते वाचून पाहिलं. अर्धा निबंध माझा होता, त्यातलंच वाटलं. मग इंग्रजीतून सुचू लागलं. ते सोडलं. बंदूक कशाला मधी.

आता एवढंच राहिलंय. "आवडीनं नेम धरलेला नाय. तिनं मला नाय म्हटलंय. तुला हो म्हटलंय."

मोठ्यानं म्हणून बघितलं. पहिल्यांदा भाजल्यासारखं लागलं.

आबा बाहेर बैलांपाशी आहेत. मघाशी दारातून म्हणाले, "पोलादपुरास्नं दुपारची मोटार हाय. बिरवाडीला उतर. भाकर बांधून ठेवलीय आत्यानं." साहेब म्हणाले नाहीत. आत्या हुंदका आवरतेय की हुंदक्याची चौकशी करतेय, कळत नाही. ओटीवर शेजारचे दोघं येऊन बसलेत. कुठं निघालास म्हणून विचारणारच. त्यांनाही तेच वाक्य सांगायचं. वाटेत जो विचारील त्याला तेच. पऱ्यावर रखमा भेटली तर तिलाही. नुसतं हैबतीला सांगून भागायचं नाही, रताळं जिथं जिथं गेलं तिथं तिथं जायला हवं.

खिडकीतून कापूस आत आलाय, वहीवर बसलाय. फुंकला.

त्या कॉलेजच्या दाराचा आवाज अजून माझ्या हातात आहे. गेल्या महिन्यातल्या या दाराचाही. दाराआडच्या कोपऱ्यात भिंतीची माती अजून तशीच सांडलेली, कुणी झाडली नाही. मी झाडून घेतली आत्ता.

भाकर घेतली. चपला घातल्या. बाहेर निघतो. दार ओढून घेतो, हळू, कडी बसेपर्यंत.